चष्म्याचा नंबर नेमके काय मोजतो?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा : मुलगी ११ वर्षांची आहे आणि तिला फळ्यावरचे दिसेनासे झाले आहे. चष्म्याच्या दुकानातील संगणकीय यंत्राने तिच्या डाव्या डोळ्याचा नंबर −३.२५ दाखवला, तर नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून तपासल्यावर तो −२.२५ निघाला. उजव्या डोळ्यासाठी त्यांनी −१.७५, सिलिंडर −०.७५, ॲक्सिस १८० असे लिहून दिले. परंतु दुसऱ्या तज्ज्ञांच्या कागदावर त्याच डोळ्यासाठी −२.५०, सिलिंडर +०.७५, ॲक्सिस ९० असे आकडे आहेत. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की, चष्मा सतत लावला तर नंबर वाढेल, तेव्हा थोडा कमी नंबरचा करून घ्या आणि फळा पाहण्यापुरताच वापरू द्या. शिवाय आपले स्वतःचे वय ४६ आहे, लांबचे आजही स्वच्छ दिसते, तरीही आपल्याला लांबसाठी +०.७५ आणि जवळसाठी ॲड (लांबच्या नंबरात मिळवायची जादा शक्ती) +१.२५ का दिला, हेही आपल्याला समजून घ्यायचे आहे.

हे सगळे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांची गाठ एकाच ठिकाणी आहे. चष्म्याचा नंबर हे डोळ्याच्या आरोग्याचे किंवा नजरेच्या ताकदीचे मोजमाप आहे असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो फक्त एक तफावत मोजतो : डोळ्याची प्रकाश वळवण्याची क्षमता आणि डोळ्याची लांबी यांचा मेळ किती चुकला आहे, एवढेच तो सांगतो.

डोळ्यात शिरणारा प्रकाश पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एकत्र आणण्याचे काम दोन भिंगे करतात. बुबुळावरचा पारदर्शक कॉर्निया आणि बाहुलीमागचे नेत्रभिंग यांची मिळून शक्ती सुमारे ६० डायॉप्टर (भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) असते. त्यातील जवळजवळ ४३ डायॉप्टर एकट्या कॉर्नियाचे असतात, कारण प्रकाश हवेतून डोळ्याच्या ऊतींत शिरतो तो तिथेच, आणि माध्यमांतील सर्वांत मोठा फरकही तिथेच असतो. प्रौढ माणसाचा डोळा समोरून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. या लांबीशी भिंगांची शक्ती जुळली की डोळ्यावर कोणताही ताण न देता दूरच्या वस्तूचे चित्र नेमके पडद्यावर पडते. डोळा त्या मानाने लांब असेल, तर चित्र पडद्याच्या अलीकडे तयार होते आणि लांबचे पुसट दिसते. ही निकटदृष्टिता, म्हणजे बोलीभाषेतला मायनस नंबर. डोळा आखूड असेल तर किरण एकत्र येण्याआधीच पडदा आडवा येतो. ही दूरदृष्टिता, म्हणजे प्लस नंबर. ही मापे फार नाजूक आहेत. डोळ्याच्या लांबीत एका मिलिमीटरचा फरक पडला की नंबर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरने बदलतो. आपल्या मुलीचा डावा डोळा −२.२५ चा आहे, म्हणजे त्याच्या प्रकाश वळवण्याच्या शक्तीच्या मानाने तो मिलिमीटरभरसुद्धा जास्त लांब नाही.

डायॉप्टर हे एकक १८७२ साली मोन्वाये या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने सुचवले. त्यापूर्वी भिंगे नाभीय अंतराच्या, म्हणजे भिंगापासून समांतर किरण एकत्र येतात तिथवरच्या अंतराच्या, इंचांवर ओळखली जात. इंच देशोदेशी वेगळा असल्याने एका गावचा नंबर दुसऱ्या गावी चालेनासा होई, आणि दोन भिंगे एकमेकांवर ठेवली तर त्यांची बेरीज काढताना अपूर्णांकांची कसरत करावी लागे. डायॉप्टर म्हणजे मीटरमधील नाभीय अंतराचा व्यस्तांक, त्यामुळे दोन भिंगांचे आकडे सरळ मिळवता येतात. आपल्या दृष्टीने याचा उपयोग असा की, मायनस नंबर घरच्या घरी मोजपट्टीने पडताळून पाहता येतो. मुलीला चष्मा काढायला सांगा, उजवा डोळा झाकून घ्या आणि बारीक अक्षरांचा कागद डाव्या डोळ्यापुढून हळूहळू दूर न्या. ज्या अंतरावर अक्षरांच्या कडा पसरू लागतील ते अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि १०० ला त्याने भागा. अंतर ४४ सेंटिमीटरच्या आसपास भरले तर भागाकार सुमारे २.२५ येतो. उजेड, अक्षरांचा आकार आणि मुलांचे डोळे बारीक करणे यांमुळे चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. तरीही नंबर म्हणजे काय हे समजावण्यासाठी मला याहून चांगला मार्ग सापडलेला नाही. या मुलीचा डावा डोळा ४४ सेंटिमीटरच्या आतले जग स्वच्छ पाहतो आणि त्यापलीकडचे पाहू शकत नाही, हाच −२.२५ या आकड्याचा पूर्ण अर्थ आहे.

चष्म्याची काच काय करते तेही आता सरळ सांगता येईल. मध्ये पातळ आणि कडेला जाड असलेले अंतर्वक्र भिंग दूरच्या वस्तूकडून येणारे समांतर किरण असे फाकवते की ते ४४ सेंटिमीटरवरून निघाल्यासारखे डोळ्यात शिरतात. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर फळा, झाड, चंद्र या सगळ्यांची प्रतिमा ते भिंग त्या डोळ्याच्या आवाक्यात आणून ठेवते. डोळा आहे तसाच राहतो. त्याला फक्त त्याच्या हद्दीत काहीतरी पाहायला मिळते. म्हणूनच चष्मा काढला की तत्क्षणी सगळे पूर्ववत पुसट होते. मध्ये जाड असलेले बहिर्वक्र भिंग उलट काम करते : डोळ्यात शिरण्याआधीच किरणांना थोडे जवळ आणून ते आखूड डोळ्याचे उणे राहिलेले काम पूर्ण करते. याच कारणाने मायनस काचेमागे चष्मा घालणाऱ्याचे डोळे बारीक आणि प्लस काचेमागे मोठे दिसतात.

उजव्या डोळ्याच्या सिलिंडरकडे वळू. ‘सिलिंडर नंबर’ हे शब्द ऐकून पालक घाबरतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. कारण पाऊण-एक डायॉप्टरचे सिलिंडर ही अगदी नित्याची गोष्ट आहे. कॉर्नियाचा पृष्ठभाग सर्व दिशांनी सारखाच वळलेला नसेल, चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेने अधिक आणि तिच्या काटकोनातील दिशेने कमी वळलेला असेल, तर त्या दोन दिशांत डोळ्याची शक्ती वेगवेगळी भरते. यालाच दृष्टिवैषम्य म्हणतात. आपल्या मुलीच्या उजव्या डोळ्याला आडव्या दिशेत −१.७५ लागतात आणि उभ्या दिशेत −२.५०. या दोहोंतील ०.७५ चा फरक म्हणजे सिलिंडर, आणि हा जादा भाग कोणत्या रेषेवर काम करत नाही ते सांगणारा कोन म्हणजे ॲक्सिस.

दोन कागदांचे कोडे इथेच सुटते. पहिल्या तज्ज्ञांनी आडव्या दिशेपासून सुरुवात केली : −१.७५, आणि उभ्या दिशेत आणखी −०.७५. दुसऱ्यांनी उभ्या दिशेपासून सुरुवात केली : −२.५०, आणि आडव्या दिशेत +०.७५ परत. दोन्ही काच एकच आहे. पडताळणीची रीत सोपी आहे : पहिले दोन आकडे चिन्हासह मिळवा, सिलिंडरचे चिन्ह उलटे करा आणि ॲक्सिस ९० अंशांनी फिरवा. −१.७५ आणि −०.७५ मिळून −२.५०, −०.७५ चे +०.७५, १८० चे ९०. काही नेत्रतज्ज्ञ प्लस सिलिंडरमध्ये लिहितात, ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून नंबर काढणारे) आणि काचा घासणारे कारागीर बहुधा मायनसमध्ये लिहितात. मात्र एका कागदावरचा नंबर आणि दुसऱ्या कागदावरचा ॲक्सिस अशी सरमिसळ झाली तर काच साफ चुकते, म्हणून दुकानात एकच कागद द्यावा.

दृष्टिवैषम्यही घरी पाहता येते. पांढऱ्या कागदावर बारीक काळ्या पेनाने अधिकाचे चिन्ह काढा आणि मुलीला चष्म्याविना फक्त उजव्या डोळ्याने ते पाहायला सांगत कागद दूर न्या. सुमारे ४० सेंटिमीटरच्या पुढे आडवी रेघ पसरू लागेल, पण उभी रेघ ५७ सेंटिमीटरच्या आसपासपर्यंत टिकून राहील. जॉर्ज एअरी या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात स्वतःच्या डोळ्याचा दोष जवळपास असाच मोजला होता. प्रकाशाचा बारीक ठिपका डोळ्यापासून मागेपुढे नेत तो कोणत्या दोन अंतरांवर रेघेसारखा दिसतो हे त्याने टिपले आणि त्या मापांवरून स्वतःसाठी सिलिंडर भिंग घडवून घेतले. आजच्या तपासणीत हे काम क्रॉस-सिलिंडर नावाच्या छोट्या भिंगाने होते. ते उलटसुलट करत ‘पहिले चांगले की दुसरे?’ असे पुनःपुन्हा विचारले जाते. रुग्णांना हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि आपले उत्तर चुकले तर नंबर चुकेल अशी धास्ती असते. वास्तविक ‘दोन्ही सारखेच’ हे उत्तर आम्हाला सर्वांत जास्त हवे असते, कारण त्यावरूनच योग्य जागा गाठल्याचे कळते.

नंबर आणि नजर या दोन गोष्टी वेगळ्या कशा, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण पालकांची सर्वांत मोठी गल्लत इथे होते. नजर मोजतात ती तक्त्यावर. डच नेत्रतज्ज्ञ स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेल्या तक्त्याच्या तत्त्वानुसार ६/६ च्या, म्हणजे सामान्य नजरेच्या, ओळीतील अक्षर सहा मीटरवरून डोळ्याशी पाच मिनिटांचा, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या हिश्श्याचा कोन करते. त्याची उंची साधारण पावणेनऊ मिलिमीटर भरते. योग्य काच लावल्यावर आपली मुलगी ती ओळ वाचत असेल, तर तिची नजर उत्तम आहे आणि −२.२५ हा आकडा त्यात काहीही उणे करत नाही. याउलट एखाद्या मुलाचा एक डोळा शून्य आणि दुसरा +४ चा असेल, तर त्याला कधी काही त्रास जाणवतच नाही. चांगला डोळा काम भागवतो, दुसऱ्या डोळ्याचे पुसट चित्र मेंदू बाजूला सारत जातो, आणि सात-आठ वर्षांचे वय उलटल्यावर अगदी अचूक काच लावूनही त्या डोळ्याला वरच्या दोन-तीन ओळींपलीकडे वाचता येत नाही. याला आळशी डोळा म्हणतात. असा डोळा मोठेपणी काचेने सुधारत नाही. म्हणून मला −२.२५ चे दोन्ही डोळे ६/६ वाचणाऱ्या मुलीपेक्षा चष्मा नसलेले, कधीच न तपासलेले चार वर्षांचे मूल अधिक काळजीचे वाटते. आपल्या घरात याहून धाकटे मूल असेल तर त्याची तपासणी या निमित्ताने करून घ्यावी.

आता यंत्राचा −३.२५ आणि थेंबांनंतरचा −२.२५. डोळ्याजवळ स्वतःची एक समायोजन शक्ती असते. नेत्रभिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावला की भिंगाला ताणून धरणारे बारीक तंतू सैल पडतात, भिंग फुगीर होते आणि डोळ्याची शक्ती वाढते. जवळचे पाहण्यासाठी ही व्यवस्था आहे. मुलांमध्ये ती जबरदस्त असते, दहाव्या वर्षी सहज १२ डायॉप्टरपेक्षा जास्त. यंत्राच्या नळीत डोळा लावला की आतले चित्र दूरचे असल्याचा कितीही आभास केला तरी मुलाचा डोळा नकळत जवळचे पाहायला लागतो, भिंग फुगते आणि यंत्र त्या फुगलेल्या भिंगाचा नंबर छापून मोकळे होते. मायनस आहे त्याहून जास्त दिसतो, प्लस आहे त्याहून कमी दिसतो, कधी तर तो मायनसच दिसतो. सायक्लोपेंटोलेट किंवा ॲट्रोपिनचे थेंब तो स्नायू काही काळ सैल करतात आणि मग खरा आकडा समोर येतो. सायक्लोपेंटोलेटचा परिणाम साधारण दिवसभरात उतरतो, ॲट्रोपिनचा उतरायला आठवडा-दोन आठवडेही लागतात. तोवर बाहुली मोठी राहिल्याने उजेड खुपतो आणि जवळचे वाचता येत नाही. गैरसोय होते हे खरे, पण मुलाचा पहिला चष्मा थेंबांशिवाय करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राची छापील पट्टी हा तपासणीचा आरंभ असतो. तिच्यावर थेट काच कापणे ही सरळसरळ हयगय आहे. आपल्या मुलीला −३.२५ ची काच दिली असती तरी तिला फळा स्वच्छच दिसला असता, कारण एका डायॉप्टरचा जादा मायनस तिने समायोजनाने सहज पचवला असता. त्याची किंमत डोकेदुखी आणि वाचनाचा कंटाळा या रूपाने मोजावी लागली असती, आणि कोणाचाही संशय काचेवर गेला नसता.

डोळ्याच्या व्यायामाने किंवा थेंबांनी नंबर उतरल्याच्या ज्या कथा आपण ऐकता, त्यांचे मूळही बहुतेक वेळा याच एका डायॉप्टरमध्ये असते. ताठरलेला स्नायू सैल झाला की खोटा मायनस उतरतो. लांबलेला डोळा आखूड करण्याचा कोणताही व्यायाम नाही.

चष्मा सतत लावल्याने नंबर वाढतो का? वाढत नाही. या समजाला आधार मिळतो तो वयाच्या योगायोगामुळे. जन्मतः सुमारे १७ मिलिमीटर असलेला डोळा वाढत वाढत २४ पर्यंत येतो, आणि ज्यांना शाळेच्या वयात मायनस लागतो त्यांचा डोळा पुढेही काही वर्षे लांबत राहतो. शाळेची वर्षे हाच त्याचा ऐन काळ. या वयात वर्षाला अर्ध्या डायॉप्टरच्या आसपास वाढ वारंवार दिसते. चष्मा नेमका याच काळात लागतो, म्हणून दोष चष्म्याच्या माथी बसतो. चष्मा काढल्यावर पूर्वीपेक्षा जास्त पुसट दिसते ही तक्रारही अशीच आहे. पुसटपणा तोच असतो, पण स्वच्छ दिसणे म्हणजे काय हे आता मुलीला माहीत झालेले असते.

कमी नंबरचा चष्मा देण्याच्या सल्ल्याची तर प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे. मलेशियातील मुलांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांची निकटदृष्टिता पूर्ण नंबर दिलेल्या मुलांपेक्षा कमी वेगाने वाढण्याऐवजी अधिक वेगाने वाढलेली आढळली. पुढच्या सगळ्याच अभ्यासांचे निष्कर्ष इतके ठाम नाहीत, परंतु कमी नंबर देऊन वाढ थांबते असे मानायला आधार नाही. तेव्हा पूर्ण नंबर द्यावा आणि तो दिवसभर वापरू द्यावा. वाचताना तिने चष्मा काढला तर बिघडत नाही, कारण ४० सेंटिमीटरच्या आत ती तशीही स्वच्छ पाहते. पण काढ-घाल करणारी मुले चष्मा हरवतात आणि तोडतात, म्हणून मी सहसा तो लावूनच वाचायला सांगतो.

वाढीचा वेग कमी करायचा असेल तर काय उपयोगी पडते, याचे ज्ञान गेल्या दोन-तीन दशकांत बरेच पुढे गेले आहे. रोज सुमारे दोन तास मोकळ्यावर, दिवसाच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांमध्ये निकटदृष्टिता सुरू होण्याचे प्रमाण कमी दिसते. एकदा ती सुरू झाल्यावर वेग रोखण्यात त्याचा वाटा तेवढा स्पष्ट नाही, तरीही हा सल्ला मी प्रत्येकाला देतो. अतिसौम्य ॲट्रोपिनचे थेंब रात्री झोपताना घालणे आणि मध्यभागी नेहमीचा नंबर ठेवून सभोवतालच्या भागात वेगळी शक्ती दिलेल्या खास काचा वापरणे, हे दोन उपाय वाढ मंदावतात, पूर्ण थांबवत नाहीत. त्यांची गरज एका तपासणीवरून ठरवू नये. सहा महिन्यांनी पुन्हा थेंब घालून तपासा, शक्य असल्यास डोळ्याची लांबीही मोजून घ्या आणि फरक किती पडला ते पाहून निर्णय घ्या. एवढा खटाटोप कशासाठी, तर −६ च्या पुढे गेलेला डोळा पडद्याला ताण देतो. पडदा पातळ होणे, फाटणे किंवा सुटणे, तसेच काचबिंदू यांचा धोका अशा डोळ्यांत वाढतो, आणि चष्म्याने सगळे स्वच्छ दिसत असले तरी तो धोका कमी होत नाही. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके तरंगू लागले किंवा कडेला वीज चमकल्यासारखे झाले, तर नंबर काढायला जाऊ नये. पडद्याची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

काच करून घेताना थोडी दक्षता हवी. भिंगाचा प्रकाशीय मध्य बाहुलीसमोर आला पाहिजे, त्यासाठी दोन बाहुल्यांमधील अंतर मोजून लिहावे लागते. मध्य सरकला की भिंग थोडे लोलकासारखे वागू लागते. किती, ते काढण्यासाठी सरकलेले अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन नंबराने गुणायचे. −२.२५ ची काच चार मिलिमीटर सरकली तर ०.९ प्रिझम डायॉप्टर (लोलकाच्या परिणामाचे एकक) होतो, जो आडव्या दिशेत बहुधा चालून जातो. −६ ला तेवढ्याच चुकीने २.४ होतो, आणि दोन्ही काचा विरुद्ध बाजूंना सरकल्या असतील तर दोहोंची मिळून दुप्पट. उभ्या दिशेतील फरक डोळे त्याहून फार कमी सहन करतात. फ्रेम चेहऱ्याच्या मानाने मोठी घेतली की मध्य साधणे अवघड जाते आणि मायनस काचेची कडही जाड होते. लहान, गोलसर फ्रेम हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जास्त वक्रीभवनांकाच्या, म्हणजे १.६७ किंवा १.७४ च्या पातळ काचांची −२.२५ ला काहीच गरज नाही. मुलांसाठी पॉलिकार्बोनेट घ्यावे, कारण ते आघाताने सहजी फुटत नाही. मात्र ते मऊ असल्याने त्यावर ओरखडा-प्रतिबंधक लेप हवाच, आणि जास्त नंबरात त्याच्या कडेने पाहिल्यास रंगांच्या झालरी दिसतात. परावर्तन रोखणारा लेप उपयुक्त आहे : साध्या प्लॅस्टिक काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो, तो वाचतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांसाठी मात्र जादा पैसे मोजू नयेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात, संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा शीण या काचांनी कमी होतो असे दिसून आले नाही.

चष्मा हातात आल्यावर एक तपासणी आपणच करा. चष्मा हातभर अंतरावर आडवा, सरळ धरून उजव्या काचेच्या मध्यातून दाराच्या चौकटीची उभी कड पाहा आणि मग चष्मा गाडीच्या चाकासारखा किंचित फिरवा. सिलिंडर असल्यास काचेतील कड बाहेरच्या कडेपासून तुटून तिरपी होते, चष्मा पुन्हा सरळ धरल्यावर ती जुळते. डाव्या काचेत कितीही फिरवले तरी ती तिरपी होता कामा नये. डावी-उजवी अदलाबदल झाली असेल तर ती इथे लगेच पकडली जाते. पहिले काही दिवस मुलीला जमीन कललेली किंवा पायऱ्या उथळ-खोल वाटतील. सिलिंडरची काच एका दिशेत प्रतिमा किंचित अधिक आकसते, त्याचा हा परिणाम आहे. आठवडा-दीड आठवड्यात तो न गेल्यास ॲक्सिस पडताळून घ्यावा.

राहता राहिली आपली गोष्ट. आपला डोळा किंचित आखूड आहे, बहुधा लहानपणापासूनच, आणि लांबचे पाहताना लागणारे ०.७५ डायॉप्टर तो आजवर स्वतःच्या समायोजनातून भरून काढत आला. तारुण्यात हा खर्च जाणवत नाही. नेत्रभिंग वयाबरोबर कडक होत जाते आणि ४६ व्या वर्षी हाती साधारण साडेतीन डायॉप्टर उरतात. पुस्तक ३३ सेंटिमीटरवर धरले तर तीन डायॉप्टर लागतात. त्यात लांबचे ०.७५ मिळवले की पावणेचार होतात, म्हणजे खर्च शिल्लकीच्या बाहेर गेला. लांबचा +०.७५ चढवल्यावर वाचनाचे तीन उरतात, तेही साडेतीनच्या जवळजवळ सगळेच. डोळ्याला दीर्घकाळ सुखाने वापरता येते ती साधारण निम्मी शक्ती, म्हणजे १.७५, उरलेले १.२५ ॲड म्हणून काचेत घालावे लागतात. कागदावरचा आकडा असा आला आहे. लांबचे स्वच्छ दिसते हे आपले म्हणणे खरेच आहे, पण ते कष्टाने दिसते आणि संध्याकाळी कपाळ जड होत असेल तर त्याचे कारण बहुधा तेच. ही चाळिशी कोणत्याही व्यायामाने टळत नाही, आणि ॲड साधारण साठीपर्यंत +२.५० च्या आसपास जाऊन स्थिरावतो.

काच कोणती घ्यावी हे आपल्या दिवसावर अवलंबून आहे. फक्त वाचनासाठी +२.०० चा चष्मा पुरेसा आहे. तो लावून समोरच्या माणसाकडे पाहिले तर चेहरा पुसट दिसेल एवढेच. आपले दोन्ही डोळे सारखे असून सिलिंडर नसल्यामुळे तयार मिळणारा चष्माही वाचनाला चालू शकेल, फक्त त्याच्या काचांच्या मध्यांतील अंतर आपल्या बाहुल्यांच्या अंतराशी जुळते का ते पाहावे. बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ च्या एका पत्रात वर्णन केलेला दोन अर्धुकांचा बायफोकल आजही मिळतो आणि जमिनीवर बसून बारीक काम करणाऱ्यांना मी तो अजूनही सुचवतो. १९५९ पासून वापरात आलेल्या प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली शक्ती हळूहळू वाढत जाते, त्यामुळे लांब, संगणक आणि पुस्तक तिन्ही एका काचेत मिळतात. त्या बदल्यात खालच्या कडांना दोन्ही बाजूंनी पुसट पट्टे राहतात आणि ते कोणत्याही कंपनीच्या काचेत पूर्ण जात नाहीत. आपला ॲड अजून कमी असल्याने हे पट्टे सौम्य असतील, म्हणून सवय करायची असेल तर आत्ताच करणे सोपे. फ्रेम चेहऱ्यावर बसवून, समोर सरळ पाहत असताना बाहुलीची उंची काचेवर खूण करून मोजून घ्या. ही खूण न करता कोणी प्रोग्रेसिव्ह काच बनवू पाहत असेल तर तिथे बनवू नका.